संथ वाढीचे दोन दीर्घायुषी: ब्रिसलकोन पाइन आणि ग्रीनलंड शार्क

दीर्घायुष्य हे अनुकूल परिस्थितीचे फळ असते, असा सर्वसाधारण समज आहे; परंतु कॅलिफोर्नियातील व्हाइट माउंटन्सवर वाढणारा ब्रिसलकोन पाइन हा सूचिपर्णी, म्हणजे सुईसारख्या पानांचा वृक्ष आणि उत्तर अटलांटिक व आर्क्टिक सागरांतील ग्रीनलंड शार्क यांचे जीवन पाहिले, तर हा समज टिकत नाही.

सुमारे ३,००० मीटर उंचीवर, डोलोमाइट खडकाच्या निकृष्ट मातीत आणि कोरड्या, गोठवणाऱ्या वाऱ्यात हा वृक्ष इतका सावकाश वाढतो, की त्याच्या खोडात वर्षाला पडणारे वलय अनेकदा एक मिलिमीटरहूनही बारीक असते. त्यामुळे लाकूड घट्ट व राळयुक्त होऊन किडीला आणि बुरशीला दाद देत नाही. बरीचशी साल मेली, तरी उरलेल्या अरुंद जिवंत पट्ट्याच्या आधारे झाड तग धरते. एडमंड शुलमन यांनी १९५७ मध्ये वलये मोजून ज्याचे वय ठरवले, तो 'मेथुसेला' वृक्ष ४,८०० वर्षांहून जुना आहे.

शार्कचा सांगाडा हाडांचा नसून कूर्चेचा असतो आणि ग्रीनलंड शार्कच्या मणक्यांत वयाची वलये उमटत नाहीत. म्हणून युलियस निल्सन व सहकाऱ्यांनी नेत्रभिंगाचा गाभा तपासला. हा गाभा जन्मापूर्वीच तयार होतो आणि पुढे बदलत नाही. त्यातील किरणोत्सारी कार्बनच्या प्रमाणावरून, २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात, २८ माद्यांपैकी सर्वांत मोठीचे वय सुमारे ३९२ वर्षे निघाले. या अंदाजात १२० वर्षांचा फरक संभवतो, तरीही किमान वय २७२ वर्षे भरते. शून्य अंशाजवळच्या पाण्यात शार्कची वाढ वर्षाला एक सेंटिमीटरहूनही कमी होते आणि मादी सुमारे दीडशे वर्षांनी प्रजननक्षम होते.

वृक्षाचे वय वर्षागणिक मोजता येते, शार्कच्या बाबतीत अंदाजावर थांबावे लागते. मात्र ज्या कार्बन-कालमापनाने हा अंदाज शक्य झाला, त्यातील त्रुटी दुरुस्त करण्यास ब्रिसलकोनच्या वलयांनीच मोठा हातभार लावला होता.

संथपणा हे या दोन्ही जातींचे बळ आहे, तसेच मर्मस्थानही आहे. नेवाडात १९६४ मध्ये संशोधनासाठी तोडलेल्या 'प्रोमिथियस' वृक्षात ४,८०० हून अधिक वलये आढळली. शार्कची पूर्वी यकृतातील तेलासाठी शिकार होई, आणि आज तो इतर माशांसाठी टाकलेल्या जाळ्यांत सापडतो. अशा जीवांची हानी माणसाच्या हयातीत भरून निघत नाही, म्हणून त्यांच्या संरक्षणाचे नियम त्यांच्याच कालमानाने आखले पाहिजेत.