शेवटचे ८ सामने सलग जिंकलेली टीम पुढच्या सीझनला १० वी कशी आली?

सीझनच्या शेवटी एखादी टीम सलग जिंकायला लागली की फॅन्सचं एकच म्हणणं असतं, "पुढचं वर्ष आपलंच!" जळगाव-धुळ्यात बसून मोबाईलवर आयएसएल बघणारेही याला अपवाद नाहीत. पण शेवटचा फॉर्म खरंच पुढच्या सीझनपर्यंत टिकतो का?

बेंगळुरू एफसीचं बघा. २०२२-२३ मध्ये अर्धा सीझन ही टीम धडपडत होती. मग तिने लीगचे शेवटचे ८ सामने ओळीने जिंकले. सलग १८ सामने न हरलेल्या मुंबई सिटीला त्यातच पहिला पराभव मिळाला. सेमीफायनलला बेंगळुरूने परत मुंबईलाच पेनल्टीवर बाहेर काढलं. फायनल मात्र पेनल्टीवरच हातची गेली.

पुढच्या सीझनला बेंगळुरूचा नंबर किती? १२ टीममध्ये १० वा. कोच सायमन ग्रेसन यांना तर डिसेंबर २०२३ मध्येच जावं लागलं.

मुंबईचं नेमकं उलटं झालं. लीगचे शेवटचे दोन्ही सामने हरले, सेमीफायनल गेली. या हिशोबाने पुढचा सीझन वाईट जायला हवा होता. पण मुंबईने ४७ पॉइंट्ससह दुसरा नंबर मिळवला आणि ४ मे २०२४ ला मोहन बागानला त्यांच्याच सॉल्ट लेक मैदानावर ३-१ ने हरवून कप उचलला.

म्हणजे आता तरी पुढचं वर्ष मुंबईचं? नाही. २०२४-२५ मध्ये ३६ पॉइंट्स आणि सहावा नंबर. २९ मार्च २०२५ ला बेंगळुरूने नॉकआउटमध्ये मुंबईचा ५-० असा फडशा पाडला. पाचवा गोल होर्हे पेरेरा दियाझचा होता. आदल्या वर्षीच्या फायनलमध्ये मुंबईला बरोबरी साधून देणारा हाच खेळाडू!

खरी गोम इथे आहे. फॉर्म क्लबच्या जर्सीला चिकटलेला नसतो, तो ठराविक ११-१४ जणांच्या एकमेकांशी जुळलेल्या खेळात असतो. कप जिंकल्यावर मुंबईतून दियाझ, नोगेरा आणि राहुल भेके बेंगळुरूला गेले, आपुइया मोहन बागानला. कोच पेत्र क्रातकी तेच होते, पण तेवढं पुरलं नाही. बेंगळुरूच्या बाबतीतही २०२३ मध्ये रॉय कृष्णा ओडिशाला आणि संदेश झिंगन गोव्याला गेला होता.

दुसरं कारण साधं आहे. ८ सामने म्हणजे फार थोडे. त्यात नशिबाचा वाटा असतो, आणि शेवटी शेवटी समोरच्या काही टीमचं काहीच पणाला लागलेलं नसतं. मग दोन सीझनच्या मध्ये मोठा खंड. अंदाजच बांधायचा तर पूर्ण सीझनमध्ये किती गोल केले, किती खाल्ले आणि सगळ्यात जास्त मिनिटं खेळलेल्यांपैकी कितीजण राहिले, हे बघणं जास्त कामाचं.

लेस्टर सिटीचं उदाहरण हमखास दिलं जातं. २०१४-१५ च्या शेवटच्या ९ पैकी ७ सामने जिंकून टीम वाचली आणि पुढच्या वर्षी थेट प्रीमियर लीग जिंकली. पण मधल्या काळात कोच बदलला होता आणि एन्गोलो कांते टीममध्ये आला होता. कांते गेल्यावर हेच चॅम्पियन १२ व्या नंबरवर आले, हे मात्र कुणी सांगत नाही.

खान्देशाला ही चूक नवी नाही. २०२२ च्या उन्हाळ्यात कापूस क्विंटलला १० हजारांच्या वर गेला. तोच भाव डोक्यात ठेवून पुढच्या हंगामात कित्येकांनी कापूस घरात भरून ठेवला, आणि भाव ७-८ हजारांवर आला. कारणं वेगळी असली तरी शेवटचा आकडा मनात घर करतो तो असाच.

शाळेच्या टीममध्ये तर फॉर्म नियमानेच मोडतो. शालेय स्पर्धेत १४, १७ आणि १९ वर्षांखालील असे गट असतात. यंदा जिल्हा जिंकून नाशिक विभागापर्यंत गेलेल्या धुळ्याच्या किंवा जळगावच्या टीममधली निम्मी मुलं पुढच्या वर्षी वयात बसत नाहीत. त्यामुळे क्रीडा शिक्षकांनी जूनमध्ये आधी जन्मतारखा बघायच्या आणि गोलकीपर हातात उरतोय का, ते तपासायचं.