पुडीच्या कडेचे ठिपके

सांगवीतल्या किराणा दुकानात मसाल्याच्या पुड्यांची माळ टांगलेली असते. दहाही पुड्यांचा नारिंगी अगदी सारखा. बारामतीच्या बाजारातही तोच. गिऱ्हाईक त्या रंगावरूनच पुडी मागते, नाव वाचायच्या फंदात पडत नाही.

छापखान्याच्या चार शाया म्हणजे सायन, मॅजेन्टा, पिवळी आणि काळी. यांतून फोटो छान येतो. झेंडू, केळीचे पान आणि वांगे मात्र मळकट उतरतात. सायनने लाल प्रकाश तेवढा गिळावा, पण ती थोडा हिरवाही गिळते. मग पान तजेलदार कसे दिसणार? म्हणून कंपनीच्या रंगाची शाई वेगळी कालवतात. तो 'स्पॉट कलर'. काम संपले की रोलर धुवायचे, उरलेली शाई डब्यात आणि डबा फडताळात. ती फडताळे म्हणजे गोठलेला पैसाच.

रंग वाढवण्याची हौस जुनी आहे. राजा रविवर्म्यांचा शिळाछापखाना १८९४ मध्ये मुंबईत निघाला, पुढे आपल्याच पुणे जिल्ह्यात लोणावळ्याजवळ मळवलीला आला. तिथे प्रत्येक रंगाला वेगळा दगड लागे, आणि किती दगड लावायचे ते चित्र ठरवी.

सप्तरंगी छपाईने हे उलटे केले. चारांना नारिंगी, हिरवी, जांभळी जोडायची आणि सातही शाया यंत्रात कायम ठेवायच्या. मसाला छापून झाला की बिस्किटाच्या प्लेट चढवा, धुणे नाही. पॅन्टोन या रंगकंपनीची नव्वदीतली सहा रंगांची 'हेक्साक्रोम' पद्धत टिकली नाही. २०१५ च्या त्यांच्या सात रंगांच्या मार्गदर्शिकेचा दावा आहे की स्पॉट रंगांपैकी सुमारे ९० टक्के यात बसतात.

पण 'नारिंगी' म्हणजे नेमकी कोणती? एकाची शेंदरी, दुसऱ्याची केशरी असेल तर तीच फाइल दोन छापखान्यांत दोन रंग देणार. इथे प्रमाणीकरण लागते: शाईची छटा, छपाईचा क्रम, ठिपका किती पसरतो, सगळे मोजून ठरवायचे. जर्मनीच्या फोग्रा संस्थेची 'फोग्रा ५५' ही सात शायांची मापे त्यासाठीच आहेत. प्रत्येक शाईच्या ठिपक्यांची जाळी वेगळ्या कोनात लागते, ही अडचण मात्र सहज सुटते. नारिंगी आणि सायन सहसा एका जागी येत नाहीत, म्हणून नारिंगीला सायनचाच कोन चालतो.

लग्नपत्रिका छापणाऱ्याने या भानगडीत पडू नये, त्याला चार पुरेत. रोज नवे वेष्टण छापणाऱ्याने जरूर पडावे. मात्र मोजमापाचे यंत्र आधी घ्यावे, शाई नंतर.

आता पुडी उलटी करा. जोडाच्या कडेला शायांचे ठिपके किंवा चौकोन बहुधा सापडतील. नेहमीच्या चारांपलीकडे नारिंगी, हिरवा, जांभळा दिसतो का, बघा.