डेन्मार्कच्या शेतकऱ्यापासून काय घ्यावे?

दुग्धव्यवसायाच्या शिक्षणासाठी आम्ही दोन वर्षे डेन्मार्कात होतो. बदलापूरच्या शिवारात भाताची खाचरे व थोडी वरकस जमीन कसणाऱ्या घरातील मुलगा इतक्या दूर जाऊन परत आला, तेव्हा "तिकडची यंत्रे कशी असतात?" हाच प्रश्न जो तो विचारू लागला. यंत्रे उत्तम आहेत, यात संशय नाही. परंतु तेथून घेण्याजोगी मुख्य वस्तू यंत्र नव्हे, असे आमचे मत झाले आहे. ते का झाले, हे शेतकरी बंधूंपुढे मांडावे म्हणून हा लेख.

डेन्मार्क देश आपल्या महाराष्ट्राच्या सुमारे सातव्या हिश्श्याएवढा. भर हिवाळ्यात तेथे दिवस जेमतेम सात तासांचा असतो, आणि पश्चिमेकडील जटलंड प्रांतातील बरीच जमीन रेताड आहे. १८६४ साली युद्धात पराभव होऊन त्याचा मोठा मुलूख गेला. पुढे अमेरिका व रशिया येथून स्वस्त धान्य येऊ लागले आणि धान्याचा भाव कोसळला. तेव्हा तेथील शेतकऱ्याने धान्य विकण्याऐवजी ते गुरांस घालून लोणी विकण्याचा मार्ग धरला.

१८८२ साली जटलंडातील येडिंग या खेड्यात शेतकऱ्यांनी पहिले सहकारी दुग्धालय काढले. घरखर्चापुरते ठेवून बाकीचे सर्व दूध सभासदाने तेथेच घालावे व नफा ज्याच्या त्याच्या दुधाच्या प्रमाणात वाटावा, असा करार होता. लोणी काढून उरलेले दूध ज्याचे त्यास परत मिळे व ते डुकरांस घालीत. अशा दुग्धालयांत मते माणसांच्या डोक्यांवर मोजावी, गुरांच्या डोक्यांवर नव्हे, ही रीत पडली. दोन गाईंचा धनी व पन्नास गाईंचा धनी सभेत सारखेच. १९०० च्या सुमारास अशी सुमारे एक हजार दुग्धालये त्या देशात झाली होती. आज ती लहान दुग्धालये राहिली नाहीत. २००० साली डेन्मार्क व स्वीडन येथील संघ एकत्र होऊन 'आर्ला' हा प्रचंड संघ झाला; तथापि त्याचे मालक अद्याप शेतकरीच आहेत.

येडिंगची ती जुनी इमारत आम्ही पाहिली. आपल्याकडील एखाद्या बऱ्या गोठ्याहून ती फार मोठी नाही. ज्या शेतकऱ्याकडे आम्ही सुटीत राहत असू, त्यास आम्ही विचारले की, इतके लोक इतकी वर्षे एकत्र टिकले कसे? तो म्हणाला, "आमच्या आजोबांच्या वेळी कोणाच्या दुधात किती स्निग्धांश निघाला, हे ज्यास वाटेल त्याने वहीत पाहावे. चेअरमनचेही पाहावे." हे उत्तर आम्ही गाठीस बांधले.

आता आपल्याकडे पाहू. दुसऱ्या महायुद्धातील लष्करी छावणीच्या जागी सिंधी निर्वासित बांधव येऊन राहिले व १९४९ साली तिचे उल्हासनगर झाले. अंबरनाथास कारखाने आले; १९२३ साली निघालेल्या व स्वीडिश भांडवलावर चाललेल्या विमको कंपनीचा काडेपेट्यांचा कारखाना तेथेच होता. मागून बदलापूरही वाढले. २०११ च्या शिरगणतीत या तीन शहरांची वस्ती नऊ लाखांवर भरली. एवढे गिऱ्हाईक दाराशी असता आपला शेतकरी दूध व्यापाऱ्याच्या मापाने व व्यापाऱ्याच्या भावाने देतो, भातकापणीनंतर रिकामा बसतो, आणि जमीन विकत घेणाऱ्या दलालाची वाट पाहतो. आमच्याही वरकसास गिऱ्हाईक आले होते, व दादांचे मन विकण्याकडे झुकले होते.

आम्ही शेजारच्या सात घरांस गोळा केले व दूध एकत्र विकण्याचे ठरविले. लॅक्टोमीटर व फॅट तपासण्याचे साहित्य आणले आणि पहिली तपासणी आमच्या ओटीवर सर्वांसमक्ष केली. सर्वांत हलके दूध निघाले ते आमच्याच घरचे! व्यापारी मापात मारतो म्हणून पाणी घालण्याची घरात जुनी सवय होती, व ती त्या दिवशीही सुटली नव्हती. आई हळूच म्हणाली, "बाबा रे, चारचौघांत आकडा वाचू नकोस." आम्हीही क्षणभर अडखळलो. तेव्हा वडिलांनी वही आमच्या हातून घेतली, आकडा स्वतः मोठ्याने वाचला व त्या दिवसाचे दूध वेगळे काढविले.

दुसऱ्या दिवशी आठही घरांचे दूध चोख आले. दादांनी वरकसाचा व्यवहार वर्षभर पुढे ढकलला आहे. वर्षाअखेर दुधाचा हिशेब जमिनीच्या किमतीपुढे टिकेल की नाही, हे आम्ही आज छातीठोकपणे सांगत नाही. दलाल अजूनही येतोच. परंतु एवढे निश्चित, की त्या दिवशी आकडा झाकला असता तर संघ तेथेच संपला असता.

यंत्र पैसे दिले की येते. आपला आकडा चारचौघांत वाचण्याची तयारी मात्र विकत मिळत नाही; ती ज्याची त्याने आपल्याच ओटीवर करावी लागते.