इंजिनाची साक्ष

वणीहून मुकुटबनला येताना, ऐन दिवाळीच्या तोंडावर, माझ्या जुन्या डिझेल गाडीचे इंजिन फुटले. अगदी शब्दशः फुटले. घणाचा घाव बसावा तसा आवाज झाला, रस्त्यावर काळ्या तेलाची रेघ उमटली आणि ब्लॉकला पडलेल्या भोकातून मोडका कनेक्टिंग रॉड दिसू लागला.

आठच दिवसांपूर्वी मुकुटबनच्या एका तरुण मिस्त्रीने ऑइल बदलले होते. मला दुसरे कारण शोधायची गरजच वाटली नाही. त्याच्या टपरीसमोर, चार गिऱ्हाइकांदेखत, ‘चेंबरचा बोल्ट ढिला ठेवलास’ म्हणून मी त्याला नको नको ते बोललो आणि त्याचे राहिलेले पैसेही अडवले. तो एवढेच म्हणाला, “इंजिन खोलून तर पाहा जी.”

गाडी टोचन लावून वणीला नेली. तिथल्या म्हाताऱ्या मिस्त्रीने सारे सुटे भाग गोणपाटावर ओळीने मांडले. तेल कमी पडले असते तर सगळी बेअरिंगे खरवडली असती, तापून निळीजांभळी झाली असती. ती तर जवळजवळ नव्यासारखी होती, आणि चेंबरचा बोल्ट जागच्या जागी घट्ट. मोडला होता तो तिसऱ्या सिलिंडरचा रॉड, तोही बेअरिंगपाशी नव्हे, मधोमध. मोडलेल्या तोंडावर अर्धा भाग गुळगुळीत, शिंपल्यासारख्या बारीक वलयांचा. उरलेला खरखरीत, दाणेदार. “ही चीर महिना-दोन महिने वाढत होती, भाऊ. शेवटचा तुकडा तेवढा त्या दिवशी तुटला.”

मग त्याने सिलिंडरमध्ये बोट फिरवले. वरच्या काठाला काजळीचा पट्टा असतो. तिसऱ्यात तो इतरांपेक्षा रुंद होता. म्हणजे पिस्टन पुरता वर पोहोचतच नव्हता. रॉड वाकून आखूड झाला होता! शेवटी एअर फिल्टर काढला. त्याच्या कागदावर वाळलेल्या गाळाची रेघ होती.

“पावसाळ्यात गाडी पाण्यात घातली होती का जी?”

घातली होती. भाद्रपदात, भरल्या नाल्यात, आणि मीच चालवत होतो. मधोमध इंजिन बंद पडले तेव्हा किल्ली फिरवत राहिलो. डिझेल इंजिनात हवा वीसएक पट दाबली जाते. पाणी दाबले जात नाही. वर येणारा पिस्टन त्या पाण्यावर अडतो आणि रॉड वाकतो. कधी तो जागीच मोडतो, कधी थोडा वाकून गाडी पुन्हा सुरू होते आणि धनी देवाचे आभार मानतो. मी मानले होते. नंतर इंजिन जरा थरथरत असे, तिकडे लक्ष दिले नाही.

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा मुंबईत असंख्य गाड्या पाण्यात उभ्या राहिल्या. अशा वेळी किल्लीला हात न लावता गाडी ढकलत बाहेर काढावी, हे त्यानंतर अनेकांना ठाऊक झाले. मोटारीच्या साध्या विम्यात हे नुकसान सहसा बसत नाही. इंजिनाचे संरक्षण वेगळे घ्यावे लागते. मी घेतले नव्हते.

दुसऱ्या दिवशी टपरीवर गेलो. पैसे दिले, चूक माझी होती म्हणून सांगितले. त्याने पैसे मोजून खिशात ठेवले आणि चहा मागवला. त्या दिवशीची चार गिऱ्हाइके मात्र तिथे नव्हती.