पातळ पत्र्यात केंद्रस्थ छिद्र पाडण्याचे तंत्र : नंदुरबार जिल्ह्यातील लघु कार्यशाळांच्या संदर्भात

प्रस्तावना :

१ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन नंदुरबार जिल्हा अस्तित्वात आला. या शेतीप्रधान, आदिवासीबहुल जिल्ह्यात धान्याच्या कोठ्या, कूलरच्या पेट्या, अवजारांची दुरुस्ती अशी पत्र्याची कामे लहान कार्यशाळांतून होतात. महाविद्यालयीन प्रयोगशाळेलाही उपकरणाच्या दुरुस्तीसाठी अशा कामाची गरज भासते. पंख्याच्या दांड्यासाठी पाडलेले छिद्र थोडे जरी सरकले तरी पंखा थरथरतो. छिद्र पाडताना पत्रा फिरला तर कारागिराचा हात जायबंदी होतो. म्हणून या साध्या वाटणाऱ्या क्रियेचा शास्त्रीय विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

समस्येचे स्वरूप :

जाड धातूत ड्रिलला छिद्राच्या भिंतींचा आधार मिळतो. पातळ पत्र्यात नेमका हाच आधार नसतो. सर्वसाधारण ड्रिलच्या टोकाचा कोन ११८ अंश असतो. त्रिकोणमितीनुसार अशा टोकाची उंची व्यासाच्या सुमारे ०.३ पट येते. म्हणजे १० मि.मी. ड्रिलचे टोक ३ मि.मी. उंच असते. २२ गेज पत्र्याची जाडी मात्र केवळ ०.७१ मि.मी. असते. परिणामी टोक पत्र्याबाहेर पडते तेव्हा छिद्र जेमतेम २.४ मि.मी. रुंद झालेले असते. उरलेले छिद्र ड्रिल मध्यबिंदूचा आधार नसताना कापते. त्यामुळे ते डगमगते आणि छिद्र गोल न होता त्रिकोणी होते. ड्रिलच्या टोकाची मधली आडवी कड धातू नीट कापत नाही, तर त्यावर घसरते. त्यामुळे प्रारंभीही ड्रिल खुणेपासून सरकते. थोडक्यात, पत्र्यात नसलेली जाडी बाहेरून पुरवणे हेच या तंत्राचे मर्म होय.

केंद्रनिश्चिती :

आयताकृती पत्र्याचे केंद्र दोन कर्णांच्या छेदनबिंदूवर मिळते. गोल चकतीत दोन असमांतर जीवा घेऊन त्यांचे लंबदुभाजक काढावेत. ते केंद्रात छेदतात. शालेय भूमितीतील हे प्रमेय येथे प्रत्यक्ष उपयोगी पडते. छेदनबिंदूवर प्रथम ६० अंशांच्या डॉट पंचाने बारीक खूण करावी, ती तपासावी आणि नंतरच ९० अंशांच्या सेंटर पंचाने ती रुंद करावी. खाली सपाट लोखंडी ठोकळा ठेवून हलका घाव घालावा, अन्यथा पत्रा खोलगट होतो. शेवटी डिव्हायडरने इच्छित व्यासाचे वर्तुळ आखावे. छिद्र सरकते आहे की नाही, हे या वर्तुळावरून समजते.

कार्यपद्धती :

पत्रा लाकडाच्या सपाट फळीवर ठेवून शक्यतो वरूनही दुसऱ्या फळीने दाबावा व दोन्ही शिकंज्याने घट्ट आवळाव्यात. वरच्या फळीत खूण दिसेल एवढी खाच ठेवावी. प्रथम २ ते ३ मि.मी. व्यासाचे मार्गदर्शक छिद्र पाडावे आणि ते वर्तुळाच्या मध्यभागी आहे का ते पाहावे. चूक याच टप्प्यावर गोल कानशीने सुधारता येते. त्यानंतर व्यास टप्प्याटप्प्याने वाढवावा. पायऱ्यांचे ड्रिल उपलब्ध असल्यास ते अधिक सोयीचे ठरते; कारण त्याची प्रत्येक पायरी पत्र्यापेक्षा जाड असल्याने पुढच्या पायरीला आधार मिळतो. सौम्य पोलादासाठी कर्तनवेग मिनिटाला २५ मीटर धरल्यास १० मि.मी. ड्रिलला मिनिटाला सुमारे ८०० फेरे पुरतात. ड्रिल आरपार जाण्याच्या क्षणी दाब कमी करावा. शेवटी कडेची धार कानशीने काढावी.

सुरक्षितता :

पत्रा कधीही हाताने धरू नये. बाहेर पडताना ड्रिल पत्र्यात अडकते आणि पत्रा पात्याप्रमाणे फिरतो. फिरत्या ड्रिलजवळ हातमोजे, सैल बाही वा मफलर नसावा. चष्मा मात्र अवश्य असावा.

निष्कर्ष :

अचूक छिद्र हे महागड्या यंत्रापेक्षा योग्य क्रम व पक्क्या आधारावर अवलंबून असते. दोन फळ्या, शिकंजा, पंच व डिव्हायडर एवढ्या साधनांनी ग्रामीण कार्यशाळेतही ते साध्य होते. गणित व भौतिकशास्त्राच्या अध्यापकांनी ०.३ चे हे गुणोत्तर विद्यार्थ्यांकडून प्रत्यक्ष पडताळून घेतल्यास वर्गातील भूमिती व कारागिराचे कौशल्य यांतील अंतर कमी होईल आणि उद्या कार्यशाळेत उभा राहणारा विद्यार्थी आपला हातही सुरक्षित ठेवील.