कोठार पापनाशमचं, स्तंभ वेणमणीचा

तंजावर जिल्ह्यातल्या पापनाशमजवळच्या तिरुप्पालैत्तुरै इथल्या शिवमंदिरात विटांचं एक जुनं धान्यकोठार आहे. उंची सुमारे ३५ फूट, क्षमता ३,००० कळम (धान्याचं जुनं माप) भाताची. तंजावरच्या नायकांच्या काळातली, १७व्या शतकाच्या पूर्वार्धातली ही वास्तू. भोसल्यांचं राज्य आलं ते त्यानंतर. कोठार राज्य पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे, त्यामुळे त्याची आठवण सरकारी फलकावर सुरक्षित आहे.

हे भात पिकवणाऱ्यांची आठवण मात्र लोकांनीच सांभाळली. कावेरी खोऱ्यातले बहुतेक शेतमजूर दलित. १९५२च्या कायद्याने कुळांना आणि सालदारांना थोडं संरक्षण दिलं, तरी मजुरीचा झगडा सुरूच राहिला. तेव्हाच्या तंजावर जिल्ह्यातल्या कीळवेणमणीत मजुरांनी संघटना करून जमीनदारांकडे मजुरीचं भात वाढवून मागितलं. २५ डिसेंबर १९६८च्या रात्री एका झोपडीत आसऱ्याला गेलेल्या ४४ जणांना जाळून मारण्यात आलं. त्यांत बहुतेक बायका आणि मुलं. आरोपी जमीनदार पुढे उच्च न्यायालयातून सुटले.

आज तिथे हुतात्म्यांचा स्मारकस्तंभ आहे आणि दर २५ डिसेंबरला गावोगावचे मजूर तिथे जमतात. महाडला मनुस्मृती जाळली गेली ती तारीखही हीच, साल १९२७.

स्मारकापेक्षा मोठं काम मला कृष्णम्माळ आणि शंकरलिंगम जगन्नाथन या सर्वोदयी दांपत्याचं वाटतं. वेणमणीनंतर ते याच भागात राहिले आणि १९८१मध्ये ‘लाफ्टी’ ही संस्था काढून त्यांनी भूमिहीन दलित कुटुंबांना, तेही बायकांच्या नावावर, जमिनी मिळवून दिल्या.