ठिपके गेले, आजार नाही

माझे मामा सिल्वासाच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात नोकरीला आहेत. मागच्या उन्हाळी सुट्टीत मी त्यांच्याकडे दीड महिना राहून आले. त्यांच्या बैठकीच्या खोलीत खाऱ्या पाण्याची एक मत्स्यपेटी आहे. तिच्यातल्या माशांना जडलेला पांढऱ्या ठिपक्यांचा आजार, आणि त्यावर आम्ही आधी केलेला चुकीचा व मग केलेला बरोबर उपचार, हा या लेखाचा विषय. वाणिज्य शाखेच्या मुलीने माशांच्या दवापाण्यावर लिहावे याचे कोणाला नवल वाटेल; पण चक्रवाढ व्याजाची उदाहरणे जिने सोडवली आहेत तिला हा आजार समजायला जड जात नाही.

सिल्वासाला दमणगंगा आहे, समुद्र नाही. दमणचा किनारा फार दूर नसला तरी तिथले पाणी गढूळ, मातकट. पेटीत भरण्याजोगे नव्हे. म्हणून मामा शुद्ध केलेल्या पाण्यात विकतचे सागरी मीठ मिसळतात, लिटरला साधारण ३५ ग्रॅम. स्वयंपाकाचे मीठ इथे चालत नाही, कारण समुद्राच्या पाण्यात सोडियम क्लोराइडखेरीज मॅग्नेशियम, कॅल्शियम वगैरे पुष्कळ काही असते. पेटीतले खडक कृत्रिम आहेत. प्रवाळ हवे असे कित्येकांना वाटते, पण आपल्या समुद्रातली खडक बांधणारी प्रवाळे २००१ सालापासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. ती काढणे आणि विकणे हा गुन्हा आहे, हे शौकिनांनी ध्यानात ठेवावे. मामांच्या पेटीत होते ते असे: नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेले दोन क्लाउनफिश, एक ॲनिमोनी, दोन कोळंब्या आणि नुकताच आणलेला गडद निळा ब्लू टँग. असे मासे मी लहानपणी मुंबईला तारापोरवाला मत्स्यालयात काचेला नाक लावून पाहिले होते. घरात पाहण्याची ही पहिलीच वेळ, त्यामुळे पहिले दोन दिवस मी तिथून हललेच नाही.

तिसऱ्या दिवशी ब्लू टँग खडकाला अंग घासू लागला. चौथ्या दिवशी त्याच्या परांवर, कोणी बारीक मीठ भुरभुरावे तसे, दहाबारा पांढरे ठिपके दिसले. दुकानदाराने फोनवर एक औषध सांगितले. "पेटीतच टाका, कोळंबीलाही काही होणार नाही," असे आश्वासन दिले. आम्ही थेंब मोजून टाकले. तीन दिवसांत मासा स्वच्छ झाला! मामींनी त्या आनंदात शिरा केला. मामा म्हणाले, "बघ गं, औषधाला गुण आहे."

त्यानंतर नऊ दिवसांनी ब्लू टँग पाण्याच्या पृष्ठभागाशी येऊन धापा टाकू लागला. अंगावर ठिपके आता मोजण्यापलीकडे होते. दुसऱ्या दिवशी सकाळी तो मेला. एका क्लाउनफिशच्या शेपटीवरही तीन ठिपके होते.

आमची चूक काय झाली ते समजायला या आजाराचा कर्ता पाहिला पाहिजे. तो एक एकपेशीय परजीवी आहे. नाव क्रिप्टोकॅरिऑन इरिटन्स. ब्राउन या संशोधकाने त्याला हे नाव दिले १९५१ साली. योगायोग असा, की तारापोरवाला मत्स्यालय उघडले तेही त्याच वर्षी. गोड्या पाण्यातल्या माशांनाही पांढऱ्या ठिपक्यांचा आजार होतो, पण त्याचा परजीवी निराळा. घोटाळा इथूनच सुरू होतो. गोड्या पाण्यात लोक खडेमीठ टाकतात, पाणी तापवतात, आणि ते उपाय तिथे कामीही येतात. समुद्रातल्या माशाला मीठ काय घालणार! तो तर मिठातच राहतो. पाणी गरम केल्यानेही हा परजीवी मरत नाही. उलट गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, आणि ज्याचे कल्ले आधीच पोखरले गेले आहेत त्या माशाचा जीव अधिकच घुसमटतो. सिल्वासाच्या मे महिन्यात तर पाणी तापवायची वेगळी गरजच नसते.

या परजीवीचे आयुष्य चार टप्प्यांचे. पहिल्यात तो माशाच्या कातडीखाली आणि कल्ल्यांत शिरून तीन ते सात दिवस पोसला जातो. आपल्याला दिसणारा ठिपका तो हाच. पोट भरले की तो माशाला सोडून खाली उतरतो, काही तास तळाशी सरपटतो आणि खडकाला, वाळूला किंवा काचेला चिकटून स्वतःभोवती कठीण पुटी बांधतो. पुटीच्या आत तो विभागत जातो. एका पुटीतून दोनशेपर्यंत पिल्ले निघू शकतात. शेवटी ही पिल्ले, बहुधा पहाटेच्या आधीच्या अंधारात, मासे जिथे झोपलेले असतात तिथेच पाण्यात सुटतात. एकदोन दिवसांत मासा सापडला नाही तर ती मरतात. खरे तर काही तासांतच त्यांचा जोर ओसरू लागतो.

आता हिशेब करा. समजा, दहा ठिपके गळून पडले आणि प्रत्येकाची दोनशे पिल्ले झाली, म्हणजे दोन हजार. त्यांतली शंभरात पाचच माशाला लागली तरी पुढच्या खेपेला दहाचे शंभर ठिपके होतात, त्यापुढच्या खेपेला हजार. समुद्रात असे होत नाही, कारण तिथे पाणी अफाट आणि मासा रात्रीतून दूर निघून गेलेला असतो. दोनशे लिटरच्या काचेच्या पेटीत तो जाणार कुठे?

म्हणजे ठिपके गेले तेव्हा मासा बरा झाला नव्हता. मुद्दल वाढीला लागले होते, आणि आम्ही शिरा खात होतो. त्या औषधाने ठिपके घालवले नव्हते. ते आपल्या वेळेला गळाले होते. कातडीखालच्या आणि पुटीतल्या परजीवीपर्यंत औषध पोहोचतच नाही. ते मारू शकते फक्त सुट्या पोहणाऱ्या पिल्लांना, आणि पिल्लांना मारण्याइतके जालीम औषध कोळंबी आणि ॲनिमोनीलाही सोडत नाही. 'कोळंबीलाही काही होणार नाही' हे वाक्य ऐकले तेव्हाच आम्ही सावध व्हायला हवे होते. लसूण चारणे, सफाई करणाऱ्या कोळंब्या सोडणे हेही याच जातीचे उपाय.

खरा उपचार माशाला मुख्य पेटीतून बाहेर काढूनच करावा लागतो. त्याचे तीन मार्ग आहेत. जुना आणि खात्रीचा मार्ग तांब्याचा. आमच्या आजोळी द्राक्षबागेवर चुन्याबरोबर फवारायला मोरचूद आणतात. तिकडे त्याला कन्नडमध्ये मैलुतुत्त म्हणतात. त्यातला गुणकारी भाग तांबेच. बागायतदाराचा मुलगा असल्याने मामांना वाटले, चिमूटभर मोरचूद पेटीत टाकावे. मी कागद घेतला. पाण्यात मोकळे तांबे हवे लिटरला ०.१५ ते ०.२० मिलिग्रॅम. चाळीस लिटरला फार तर ८ मिलिग्रॅम. मोरचुदात तांबे साधारण चौथा हिस्सा, म्हणजे मोरचूद हवे ३२ मिलिग्रॅम. चिमूट म्हणजे याच्या कितीतरी पट! शिवाय बागेच्या मोरचुदात इतर काय असते कोण जाणे. तांबे कमी पडले तर परजीवी जगतो, थोडे जास्त झाले तर मासा मरतो. त्यामुळे तपासणी संचाने रोज मोजून ही मात्रा दोनतीन आठवडे राखावी लागते. आणि मुख्य पेटीत तर ते कधीच टाकू नये, कारण खडक तांबे शोषून घेतात.

दुसरा मार्ग पाण्याचा खारटपणा लिटरला ३५ ग्रॅमवरून १५-१६ वर आणून तीनचार आठवडे तिथेच ठेवण्याचा. मासे तो सोसतात, परजीवीच्या पुट्या फुटतात. पण त्याला खारटपणाचे बिनचूक मापन हवे, आणि परजीवीचे काही वाण या कमी खारट पाण्यातही तग धरतात असे आढळले आहे.

आम्ही तिसरा मार्ग धरला. त्यात औषध नाही, फक्त मेहनत आहे. पुटी बांधल्यावर पिल्ले सुटायला किमान तीन दिवस लागतात. तेवढ्यात माशाने घर बदलायचे! बाजारातून प्लॅस्टिकचे दोन मोठे टब आणले. पहिल्यात चाळीस लिटर नवे खारे पाणी, हवेचा पंप आणि लपायला पाइपाचा तुकडा ठेवून क्लाउनफिश त्यात सोडले. बरोबर ७२ तासांनी ते दुसऱ्या टबात. पहिला टब रिकामा करून, घासून, उन्हात खडखडीत वाळवायचा. सिल्वासाचे ऊन या एका कामाला फार उपयोगी पडले. अशी चार स्थलांतरे, एकूण बारा दिवस. पहिले पाणी धरून पाच वेळा चाळीस लिटर, दर वेळी १ किलो ४०० ग्रॅम, म्हणजे सात किलो मीठ लागले. टबात मैला पचवणारे जिवाणू नसतात, म्हणून खाणे अगदी बेताचे. एके रात्री वीज गेली आणि पंप बंद पडला, तेव्हा मामा आणि मी आळीपाळीने पेल्याने पाणी उपसून उंचावरून पुन्हा टबात ओतत बसलो होतो. जाळी, पेला, ओला हात, काहीही एका टबातून दुसऱ्यात जाता कामा नये, ही दक्षता मामींनी आमच्यापेक्षा चांगली पाळली. सोवळ्याची सवय, त्या म्हणाल्या.

मासे निरोगी झाले तरी मुख्य पेटी निरोगी झालेली नसते. कोळंबी आणि ॲनिमोनीला हा आजार होत नाही, पण खडकांवर पुट्या असतात. बहुतेक पुट्या चार आठवड्यांत फुटतात. मात्र पुटीतून ७२ दिवसांनी पिल्ले निघाल्याचीही नोंद आहे. म्हणून जाणकार ७६ दिवस पेटीत एकही मासा ठेवत नाहीत. मामांनीही तेवढेच मोजले. मला कॉलेजसाठी जूनमध्ये परतावे लागले. पुढचे दिवस मी फोनवर मोजले. पाहुणे येत आणि रिकाम्या पेटीकडे पाहून "मासे कुठे गेले?" असे विचारत, मामा त्यांना पिल्लांचा हिशेब ऐकवत.

सत्त्याहत्तराव्या दिवशी दोन्ही क्लाउनफिश पेटीत परत गेले आणि तासाभरात ॲनिमोनीत शिरले. टब मात्र मामांनी माळ्यावर टाकला नाही. तो गॅलरीत पंपासकट भरलेला असतो. नवा मासा आधी चार आठवडे तिथे राहणार. कारण तो आजार आमच्या घरी आला होता ब्लू टँगच्याच अंगावरून, दुकानातल्या प्लॅस्टिकच्या पिशवीतून. दुसरा ब्लू टँग आणायचा विषय मी फोनवर दोनदा काढला. मामा अजून हो म्हणत नाहीत.